वंदनाने उचललेला तवा

मित्रांनो, मी तवा आहे. लोखंडाचा, जड, काठाला एका जागी चेपलेला. माझं वय मला नीट सांगता येणार नाही. पण आज ज्या भागवतच्या स्वयंपाकघरात मी आहे, तो भागवत रांगत होता तेव्हाही मी चुलीवर चढत होतो, इतका जुना मी नक्की आहे. तव्याच्या आयुष्यात काय घडणार, असं तुम्हाला वाटेल. भाकऱ्या भाजल्या, राखेनं घासलं, भिंतीला टेकवून ठेवलं. माझंही बरंचसं आयुष्य तसंच गेलं. पण आज जे सांगायचं आहे, त्यात मारहाण आहे, उकळतं तेल आहे, मोडलेलं हाड आहे. त्यातलं काही मी झाकून ठेवणार नाही.

माझा जन्म भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईला झाला. पुंजाराम लोहारानं जाड पत्र्याचा एक तुकडा भट्टीत लालबुंद केला आणि ऐरणीवर धरला. तो सांडशीनं मला फिरवायचा आणि त्याची बायको दोन्ही हातांनी घण उचलून माझ्यावर मारायची. ठिणग्या उडायच्या. मी वाकायचो, पसरायचो, पुन्हा भट्टीत जायचो आणि पुन्हा घणाखाली यायचो. शेवटी पाण्यात बुडवलं तेव्हा मी जोरात चरचरलो आणि थंड झालो. पुंजारामनं मला बोटानं वाजवून पाहिलं आणि म्हणाला, बराबर झाला. तेव्हा माझी अशी समजूत झाली की जगात काही चांगलं घडवायचं तर घाव घालूनच घडवावं लागतं. ही समजूत पुढे कितीतरी वर्षं माझ्याजवळ राहिली.

बाजाराच्या दिवशी वच्छलाबाईनं मला विकत घेतलं. उंच, काटक बाई. तिच्या हातच्या ज्वारीच्या भाकरीला पापुद्रा सुटायचा. भाकरी माझ्यावर पडली की ती वरून पाण्याचा हात फिरवायची, पाणी आटलं की उलटायची आणि मग विस्तवाला लावून फुगवायची. शेतावरून आलेली माणसं माझ्याभोवती बसून जेवायची. ते माझे चांगले दिवस होते.

त्या दिवसांतच मी पहिल्यांदा मार दिला. वच्छलाबाई अंगणातल्या चुलीवर भाकरी करत होती. तिचा लहानगा भागवत जरा पलीकडे मातीत खेळत होता. अचानक एक पिसाळलेलं कुत्रं कुंपणातून आत शिरलं. तोंडातून फेस, मान वाकडी. ते सरळ पोराकडे निघालं. वच्छलाबाईनं पदरात धरून मला तापलेलाच उचलला आणि कुत्र्याच्या डोक्यात घातला. ते कोलमडलं, पुन्हा उठलं. तिनं पुन्हा घातला. कुत्र्याचं रक्त माझ्यावर पडलं आणि सुं करून वाळलं. कवटी फुटली तेव्हा माझा काठही चेपला. तिचे तळहात भाजून सोलले गेले, पण पोराला ओरखडासुद्धा आला नाही. गावानं तिचं कौतुक केलं. तिनं मला सात पाण्यांनी धुतलं, विस्तवावर लाल होईपर्यंत तापवलं आणि मग हळदीकुंकू लावलं. बायका मला बघायला यायच्या. मला त्या दिवसाचा फार अभिमान वाटायचा.

वर्षं गेली. भागवत मोठा झाला, जालन्याला आला, जुन्या जालन्यात धान्याच्या एका ठोक दुकानाची लोडिंग गाडी चालवू लागला. त्याचं वंदनाशी लग्न झालं. त्यांना अर्पिता झाली आणि तिच्यानंतर आदिनाथ. वच्छलाबाई म्हातारपणी त्यांच्याकडे राहायला आली, ती मला बरोबर घेऊन. पण तोवर तिला साखरेनं पोखरलं होतं. पायाच्या अंगठ्याला जखम झाली ती भरेना. अंगठा काळा पडला, मग पाऊल. दवाखान्यात तिचा पाय गुडघ्याखाली कापला. तिला वाचवायला कापला होता, पण ती पुढची दिवाळी बघू शकली नाही.

ती गेली आणि माझे दिवसही फिरले. घरात काळा, गुळगुळीत, हलका तवा आला. त्याच्यावर काही चिकटत नव्हतं आणि तो पोळ्यांना बरा होता. भाकरी करायला वेळ लागतो म्हणून ती बंद झाली. मला गॅसच्या टाकीच्या मागे उभा करून ठेवला. तिथे धूळ होती, झुरळं होती, कधी पाणी गळायचं. मला गंज चढू लागला. तिथूनच मी पुढचं सगळं पाहिलं.

अर्पिता तेव्हा नववीत होती. मित्रांनो, ती पोरगी नकला इतक्या हुबेहूब करायची की गल्लीतल्या रिक्षावाल्यांची हाक तिनं घरातून मारली तर बाहेर माणूस रिक्षा शोधायचा. आदिनाथ हसून हसून गडबडा लोळायचा. ती जाड होती. पण ती आपोआप जाड झाली नव्हती, हे मी टाकीच्या मागून रोज बघत होतो. सकाळी शाळेच्या गडबडीत ती काही न खाता जायची. दुपारी भुकेनं कासावीस होऊन शाळेबाहेर मिळेल ते खायची. संध्याकाळी भागवत येताना कचोऱ्या, फरसाण, थंड पेयाची मोठी बाटली घेऊन यायचा. पोरगी आवडीनं खाते म्हणून त्याला आनंद व्हायचा. तो स्वतः तिच्या ताटात दुसरी कचोरी ठेवायचा. कढईतलं तेल उतरायचंच नाही. लाड होते ते, मी नाही म्हणत नाही.

मग तिची मान काळी पडू लागली. वंदनाला वाटलं मळ आहे, तिनं दगडानं घासून घासून पोरीची मान सोलली. जिना चढताना अर्पिताला धाप लागायची. एकदा शाळेत चक्कर आली, म्हणून रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की साखर काठावर आली आहे, अजून आजार नाही, पण असंच चाललं तर होईल. त्यांनी खाण्यापिण्याचं बरंच समजावून सांगितलं म्हणे. भागवतनं त्यातला एकच शब्द ऐकला. साखर.

त्या दिवसापासून तो माणूस बदलला. घरी आल्या आल्या त्यानं खाण्याच्या कपाटाला कुलूप ठोकलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. अर्पितासाठी वेगळं जेवण ठरलं. उकडलेला दुधी, दोन कोरड्या पोळ्या, आणि सकाळी कारल्याचा रस. कचोऱ्या बंद झाल्या नाहीत. त्या आता आदिनाथसाठी यायच्या. दोघं बापलेक एकीकडे खायचे आणि पोरगी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून दुधी गिळायची. कारल्याचा रस पिताना तिला उलटी झाली तर तो नाक दाबून पाजायचा. तिला नावानं हाक मारणं त्यानं सोडलं. म्हैस म्हणायचा. आल्यागेल्यासमोर म्हणायचा.

तुम्हीच सांगा, असं केल्यानं भूक जाते का? ती चोरून खायला लागली. दुपारी घरात कुणी नसलं की पिठाच्या डब्यात हात घालून कोरडं पीठ तोंडात कोंबायची. गुळाचा खडा पाण्याबरोबर न चावता गिळायची. मैत्रिणींकडून बिस्किटांचे पुडे आणायची आणि गादीखाली लपवायची. खाताना तिच्या चेहऱ्यावर चव घेतल्याचं काही दिसायचं नाही. कुणी मागे लागल्यासारखी खायची, मग तिथेच बसून रडायची. वजन कमी व्हायच्या ऐवजी वाढलं.

एके दिवशी भागवतला गादीखाली रिकामे पुडे सापडले. तो उठला. बाहेर जाऊन गाडीतला रबरी पाइपचा तुकडा घेऊन आला. पहिला फटका पाठीवर बसला तेव्हा अर्पिता नुसती वाकली. मग पायांवर, दंडांवर, पाठीवर. ती ओरडत नव्हती. आदिनाथ ओरडत होता. वंदना मध्ये पडली तर तिच्याही कानशिलात बसली. तूच चोरून चारतेस, असं म्हणून त्यानं तिला भिंतीवर ढकललं. पोरीच्या अंगावर जाड, निळे वळ उठले. दुसऱ्या दिवशी ती शाळेत पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून गेली, आणि तेव्हा उन्हाळा होता.

मला ठोकून घडवलं होतं, मित्रांनो. पुंजारामच्या ऐरणीवर मी घावागणिक तवा होत गेलो. इथे घावागणिक ती पोरगी मोडत चालली होती. नकला थांबल्या. बोलणं थांबलं. पाइप आता कपाटाच्या मागेच राहायचा, बाहेरून आणायचीही गरज नव्हती. तेव्हा मला कळलं की माझी जुनी समजूत लोखंडापुरती खरी होती.

शेजारच्या उषाबाई एकदा दारात उभ्या राहून भागवतला म्हणाल्या की पोरीच्या जातीवर असा हात उचलू नये. त्यावर त्यानं त्यांना शिव्या दिल्या. त्या परत गेल्या, पण त्यानंतर आमच्या घरात आरडाओरडा सुरू झाला की त्यांच्या घरातला आवाज बंद व्हायचा. त्या कान देऊन ऐकत असायच्या.

मग तो रविवार आला. आदिनाथचा वाढदिवस होता. वंदना दुपारी पुऱ्या तळत होती. शेजारीच ओट्यावर गुलाबजामचं पातेलं होतं. अर्पितासाठी दुधीचं सूप वेगळं काढलेलं होतं. ती स्वयंपाकघरात आली आणि आईच्या मागे उभी राहिली. बराच वेळ उभी होती. मग तिनं हात पुढे करून एक पुरी उचलली आणि अख्खी तोंडात घातली. वंदनानं पाहिलं आणि मान फिरवली. तिला पोरीला अडवायचं नव्हतं.

भागवत दारातच होता. त्यानं झेप घेऊन पोरीचा जबडा धरला, दोन्ही गालांवर बोटं रुतवली आणि तिच्या तोंडात हात घालून घास बाहेर ओढू लागला.

"थुंक. थुंक म्हणतो ना."

तिला श्वास घेता येईना. डोळे पांढरे झाले. तिनं त्याचं बोट कडकडून चावलं. रक्त आलं. त्यानं हात काढला, तिचे केस मुठीत धरले आणि डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. कपाळ फुटलं. वंदना मध्ये येत होती, तिला त्यानं कोपरानं हाणलं. त्या झटापटीत कढईचा कान कुणाच्या तरी हाताला लागला. कढई कलंडली. उकळतं तेल ओट्यावरून खाली अर्पिताच्या उजव्या पायावर पडलं.

ती किंचाळी मी आजवर विसरलेलो नाही. पुऱ्या तळताना येतो तोच आवाज तिच्या पावलातून येत होता. आणि भागवतनं केस सोडले नव्हते. त्याला कळलंच नव्हतं की काय झालं. त्यानं दुसऱ्यांदा हात उगारला.

वंदनाचा हात टाकीच्या मागे गेला. तिच्या बोटांना मी लागलो. तिनं मला काठाला धरून उचललं, धुळीसकट, झुरळांसकट, आणि पूर्ण ताकद लावून भागवतच्या उगारलेल्या हातावर मारलं. वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज झाला. तो हात मधूनच खाली लोंबला. भागवत गुडघ्यावर बसला. वंदनानं मला पुन्हा उचललं. मी तिच्या डोक्याच्या वर होतो आणि खाली त्याचं डोकं होतं.

आदिनाथ म्हणाला, "मम्मी, नको."

तिनं मला खाली टाकलं. फरशीवर मी कितीतरी वेळ थरथरत वाजत राहिलो. कुत्र्याला मारलं होतं तेव्हा मला अभिमान वाटला होता. ज्या पोराला वाचवायला वच्छलाबाईनं मला उचललं होतं, आज त्याचंच हाड मी मोडलं होतं. मित्रांनो, मला अभिमान वाटला नाही. पण पोरीचे केस सुटले होते, हेही खरं आहे.

उषाबाई धावत आल्या. त्यांनी अर्पिताचा पाय नळाखाली धरला, गार पाणी सोडलं, कुणाला टूथपेस्ट लावू दिली नाही. मग रिक्षा बोलावली. एकाच रिक्षात भाजलेली पोरगी, तुटलेल्या हाताचा बाप, वंदना आणि उषाबाई असे सगळे दवाखान्यात गेले.

तिथे काय झालं ते मी पाहिलं नाही. वंदना आणि उषाबाई नंतर कितीदा तरी त्याबद्दल बोलल्या, त्यावरून मला माहीत आहे. डॉक्टरीणबाई त्याच होत्या. त्यांनी कसं भाजलं म्हणून विचारलं. अर्पिता म्हणाली, माझ्याच हातून तेल सांडलं. पप्पा पाय घसरून पडले. मग वंदना बोलली.

"खोटं बोलून राह्यली ती. तिच्या बापानं तिच्या तोंडातला घास काढला, डोकं आपटलं, त्यात तेल सांडलं. अन् ह्यांचा हात मी मोडला. तव्यानं. दोन्ही लिहा."

दवाखान्यानं पोलिसांना कळवलं. एक महिला पोलीस आली, तिनं सगळ्यांचे जबाब घेतले. भागवतनं बायकोविरुद्ध एक शब्द सांगितला नाही. पण पोरीबद्दल त्याला विचारलं तेव्हा तो एकदम बोलायला लागला आणि थांबेना.

"मी मारलं, बराबर हाय. पण तुम्हाला म्हाईत न्हाई. माझ्या आईचा पाय कापला तव्हा तो पाय कापडात गुंडाळून माझ्या हातात दिल्ता. घेऊन जा म्हणले. मी तो मांडीवर घेऊन गाडीत बसलो. गावाकडं नेऊन एकट्यानं खड्डा खणला. अजून त्याचं वजन माझ्या मांडीवर हाय. मंग ह्या पोरीची साखर निघाली. मला तिचा पायच दिसून राह्यला सारखा."

डॉक्टरीणबाई पट्टी बांधत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "साखरेनं पाय जातो, खरं आहे. पण भागवतराव, हा पाय साखरेनं भाजलेला नाही."

उषाबाई सांगतात, त्यावर भागवत बाकावर बसला आणि प्लास्टर ओलं असतानाच त्यात तोंड खुपसून रडला. अर्पितानं त्याच्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या बाजूला तोंड फिरवलं.

वंदना घरी आली ती दोन गोष्टी ठरवून. पहिली, पाइप आणि कुलूप तिनं आदिनाथला कचऱ्याच्या गाडीत टाकायला लावलं. दुसरी, भागवतला उंबऱ्याबाहेर उभं करून सांगितलं की पोलिसांकडचा जबाब ती मागे घेणार नाही, आणि पुन्हा पोरांवर हात उचलला तर ती पोरं घेऊन निघून जाईल. आणि आजपासून ह्या घरात जे एकाला शिजेल तेच सगळ्यांना. तो हो म्हणाला. मगच तिनं त्याला आत घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी जे पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, ते आता वंदनानं नीट विचारून घेतलं होतं. त्यात अवघड असं काही नव्हतं. पोरीला उपाशी ठेवू नका, सकाळी पोटभर खाऊ घाला. गोड पाणी आणि रोजचं तळण घरातच आणू नका, म्हणजे लपवायलाही नको आणि चोरायलाही नको. सगळे मिळून जेवा. तिच्या जाडीवर बोलू नका.

मग ती टाकीकडे वळली. मी तिथेच परत ठेवला गेलो होतो. तिनं मला हातात घेतलं आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, ही मला भंगारात घालणार. मी त्या दिवसाची आठवण होतो ना. पण तिनं मला विटकरीच्या भुग्यानं आणि मिठानं घासलं. गंज गेला. तेलाचं बोट फिरवून तिनं मला तापवलं आणि परातीत ज्वारीचं पीठ घेतलं. पहिल्या भाकरीला चीर गेली, दुसरी जळली. तिसरी फुगली.

त्या दिवशी भाकरी, मुगाची डाळ, तांदुळज्याची भाजी, मुळा आणि वाटीभर दही होतं. चौघांच्या ताटात सारखंच. अर्पिता पट्टी बांधलेला पाय पुढे पसरून बसली होती. भागवतचा उजवा हात गळ्यात होता. डाव्या हातानं त्याला भाकरी मोडता येईना. तुकडा निसटायचा, डाळ अंगावर सांडायची. सगळे आपल्याकडे बघतात हे त्याला कळत होतं. त्याचे कान लाल झाले. बघणाऱ्यांसमोर जेवणं किती अवघड असतं, हे त्याला पहिल्यांदाच कळत असावं. त्यानं ताट थोडं सरकवलं आणि भूक नाही म्हणाला.

अर्पितानं हात लांब करून ते ताट ओढून घेतलं. भाकरी कुस्करली, त्यावर डाळ घातली, कालवली, चमचा ठेवला आणि ताट परत सरकवलं. भागवतनं तिच्याकडे पाहिलं.

ती म्हणाली, "हात मोडलाय म्हणून दिलं. माफ केलं न्हाई."

तो खाली मान घालून जेवला. ताट पूर्ण संपवलं.

पुढचे दिवस सोपे गेले असं मी म्हणणार नाही. आदिनाथ कचोरीसाठी रुसायचा. भागवतला पहिले आठवडे संध्याकाळी तळलेलं नसलं की चिडचिड व्हायची, कारण सवय त्याचीच जास्त होती. अर्पिता सुरुवातीला भाकऱ्याही चोरून ठेवायची, उद्या मिळेल न मिळेल म्हणून. वंदना त्या उशीखालून काढायची नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी ताजी भाकरी आणि मटकीची उसळ पुढे ठेवायची. हळूहळू उशीखाली भाकरी सापडायची बंद झाली. पाय बरा होईपर्यंत अर्पिता ओट्याजवळच्या खुर्चीवर बसून असायची, तिथूनच ती भाकरी थापायला शिकली. तिच्या जाड, गरगरीत हातांची भाकरी वच्छलाबाईसारखी पातळ नव्हती, पण फुगायची. पहिल्यांदा फुगली तेव्हा तिनं रिक्षावाल्याच्या आवाजात हाक दिली. आदिनाथ लोळला. वंदनानं पदर तोंडाशी धरला.

एक दिवस मात्र मी पुन्हा घाबरलो. भागवतचं प्लास्टर निघून बरेच दिवस झाले होते. अर्पिता शाळेतून आली ती वेफर्सचा मोठा पुडा घेऊन. तिनं तो लपवला नाही. सगळ्यांच्या मधोमध बसून फोडला आणि खाऊ लागली. खाताना ती बापाकडे बघत होती. भागवत उठला. त्याचा तोच हात, जो मी मोडला होता, वर गेला. वंदना ओट्यापाशी होती. तिची बोटं माझ्या काठावर आली.

अर्पिता उठली नाही की मागे सरकली नाही. ती म्हणाली, "हात खाली घ्या, पप्पा."

हात तिथेच राहिला. मग तो खाली आला. भागवत बाहेर जाऊन पायरीवर बसला. अर्पितानं आणखी थोडे खाल्ले, मग पुड्याचं तोंड दुमडलं आणि उघड्या कपाटात समोरच ठेवून दिला. बाहेर जाऊन ती त्याच्या पायरीच्या वरच्या पायरीवर बसली. मला दाराच्या फटीतून दोघांच्या पाठी दिसत होत्या.

"आज शाळेत डबा खाल्ला न्हाई मी," ती म्हणाली. "पोरी हसल्या. म्हणून आणला पुडा."

त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "कोण हसलं?"

"राहू द्या. सांगितलं, एवढंच."

"भूक लागली का अजून?"

"लागली."

तो उठून आत आला. त्यानं परात घेतली आणि पीठ काढलं. त्याला भाकरी येत नव्हती. वंदनानं माझ्यावरची बोटं उचलली आणि गॅस पेटवला.

मित्रांनो, अर्पिता आज अकरावीत आहे. ती बारीक झालेली नाही. थोडी हलकी झाली आहे, जिना एका दमात चढते. साखर काठावरून मागे गेली आहे आणि मानेचा काळेपणा निवळला आहे. पायावर मात्र भाजल्याचा मोठा, चुरगळलेला डाग आहे, तो जाणार नाही. भागवतचा हात पाऊस आला की दुखतो. तिनं बापाला माफ केलं की नाही, ते मला माहीत नाही. ती सांगत नाही आणि तो विचारत नाही. पण दोघं एकाच पंगतीला जेवतात.

माझी तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या घरी कुणी जाड असेल, तर त्याला कोपऱ्यात बसवून वेगळं वाढू नका. जे त्याच्या ताटात, तेच तुमच्या ताटात असू द्या. त्याच्याबद्दल भीती वाटली तर ती त्याला नीट शब्दांत सांगा, पाइपानं सांगू नका. आणि काहीही झालं तरी, जेवणाऱ्या माणसाच्या तोंडातला घास काढू नका. तो घास बाहेर येतो, पण त्याच्याबरोबर पोर आतून कायमचं निघून जाऊ शकतं. आमच्या घरातलं पोर जाता जाता परत आलं.